उजव्या हातवाल्यांची बॅच

आमच्याकडे पाहुणे आले की चहा ठेवायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ताई, तो तेलाचा किस्सा सांगा ना!" तेलाचा सांगितला की जांभईचा आठवतो, जांभईचा सांगितला की घंट्यांचा, आणि तोवर चहाचा काढा झालेला असतो. मी काही हे किस्से मुद्दाम गोळा केलेले नाहीत. पण औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात व्यायामखोली चालवायची म्हटल्यावर ते साठतातच. घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे. उपयोग काही नाही, पण टाकवतही नाहीत!

दारावर पाटी होती 'फिजिओथेरपी', पण ती कुणी वाचायचं नाही. सगळे व्यायामखोलीच म्हणायचे. आत दोन गाद्या, एक आरसा, भिंतीला लावलेली कप्पी आणि रबरी चेंडू. माणसं दोन. एक मी. दुसरे अटेंडंट शेखमामू. लकवा झालेल्या माणसाला उचलून उभं करण्यात आणि चिडलेल्या मला गप्प करण्यात मामू सारखेच तरबेज होते. मी चिडायचे लवकर. "होत नाही" हे दोन शब्द ऐकले की माझं डोकंच फिरायचं.

ही गोष्ट आहे वाळूजला कारखान्यांच्या शेड भराभर उभ्या राहत होत्या आणि शहरात विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं होतं, तेव्हाची. माझ्या सकाळच्या बॅचला त्या वर्षी तिघं होते. तिघांनाही लकवा मारलेला, तिघांचाही उजवा हात गेलेला. पहिले गायकवाड मास्तर, शाळामास्तर आणि नामांतराच्या चळवळीतले पहिल्या फळीतले. दुसरे पाटीलकाका, कन्नडकडचे बागायतदार, नामांतराला कडाडून विरोध असलेले. मी दोघांच्या गाद्या शेजारी शेजारी टाकल्या होत्या, कारण खोलीत जागाच तेवढी होती!

तिसरा विठ्ठल. तोही कन्नडकडचाच, पण धनगराचा. मेंढरं भावावर सोपवून वाळूजला आला, पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर लागला, बजाजनगरात खोली घेतली, मुलीला तिथल्या शाळेत घातलं. आणि ऐन उमेदीत एका सकाळी उजवं अंग लुळं पडलं. पाय हळूहळू सुधारला, बोलणं शाबूत राहिलं, हात मात्र लोंबत होता.

त्याच्या मशीनला दोन बटणं होती. एकावर डावा हात, एकावर उजवा. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा. एक हात जरा मागं राहिला की मशीन ढिम्म! कुणाचा हात आत सापडू नये म्हणून केलेली सोय ती. कंपनीनं सांगितलं होतं, दिवाळी झाली की आमचे डॉक्टर मशीनपाशी उभं करून बघतील. जमलं तर काम, नाही तर घरी.

पहिल्याच दिवशी विठ्ठल मला म्हणाला, "ताई, मला हात नको बरा करून. बटण दाबण्यापुरता द्या. बाकीचा मी बगून घेतो!"

*

तेलाचा किस्सा विठ्ठलच्या भावाचा.

हा भाऊ एसटीनं आला तो हातात बाटली घेऊनच. मेंढीच्या चरबीत कसलासा पाला कढवून केलेलं तेल. बूच काढलं आणि शेजारच्या वॉर्डातली नर्स येऊन विचारून गेली, काय जळालं म्हणून! भाऊ विठ्ठलचा हात मांडीवर घेऊन चोळायला बसला. मी म्हटलं, "अहो, हाताला काहीच झालेलं नाही! हाडं चांगली, स्नायू चांगले. बिघाड डोक्यात आहे. मेंदू हुकूम सोडतो तेव्हा हात हलतो. ती हुकूम सोडणारी जागाच बंद पडलीय. तिथपर्यंत तुमचं तेल पोचणार आहे का?"

भाऊ विचारात पडला. म्हणाला, "व्हय, ते खरंय."

मला बरं वाटलं. माणसाला नीट समजावून सांगितलं की समजतं, असं मी मामूंना ऐकवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी विठ्ठल आला तो चकाकतच! केसांतून तेल गळतंय, कानामागून ओघळ, शर्टाची कॉलर पार भिजलेली. मागून भाऊ, छाती पुढं काढून.

"पोचवलं ताई! रातभर डोक्याला फडकं बांधून ठिवलं व्हतं!"

मामूंनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "और समझाव!"

*

मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो, हे पाटीलकाकांना काही केल्या पटेना. मी पाटीवर चित्र काढलं. डोकं काढलं, डाव्या बाजूनं एक रेघ खाली आणली, मानेपाशी ती पलीकडं नेली आणि उजव्या हाताला जोडली.

"म्हंजे उजव्या हाताचा कारभार डावीकडून?" काका खवळले. "शेजारचा उजवा मेंदू मोकळा बसलाय, आन् हुकूम तिकडून आनायचा? कुनी ठरवलं हे?"

मी म्हटलं, "काका, जन्मापासून तसंच आहे."

"मंग आमाला कुनी इचारलं?"

मास्तर आपल्या गादीवरून शांतपणे म्हणाले, "पाटील, मराठवाडा हितं, मंत्रालय मुंबईला. कारभार चालतोय का नाय?"

काकांनी चित्रातल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग मोठ्यानं हसले.

"आत्ता समजलं! फाईल वाटंत अडकली!"

त्यानंतर खोलीत 'मेंदू' हा शब्द कुणी वापरला नाही. सकाळी आल्या आल्या एकमेकांना विचारायचे, "काय, फाईल हालली का?" मीही तेच विचारायला लागले. डॉक्टरांसमोर एकदा तोंडातून गेलं, तेव्हा जरा पंचाईत झाली.

*

आता हा किस्सा मी सगळ्यांपुढं सांगत नाही. पण तुम्ही घरचे.

लकव्यात पुष्कळदा असं होतं की मूठ आवळते आणि उघडत नाही. आवळायचा हुकूम कसाबसा जातो, सोडायचा जातच नाही. माणूस जितका जोर लावेल तितकी मूठ आणखी घट्ट. पाटीलकाकांचं तसंच होतं.

मी नेहमी त्यांना चेंडू धरायला द्यायचे. त्या दिवशी मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं चेंडूला जीव नसतो, माणसाचा हात धरू दे. जवळ मास्तरच होते. मी मास्तरांचा चांगला डावा हात काकांच्या उजव्या हातात दिला. "धरा!" काकांनी धरला. छान धरला! "आता सोडा."

सुटेना.

काका लाल झाले. दात-ओठ खाल्ले. मूठ आणखीच आवळली. त्या आठवड्यात शहरात दगडफेक झाली होती, बसगाड्या बंद होत्या, आमच्याच दवाखान्यात दोन्ही बाजूंची फुटलेली डोकी येत होती. आणि नेमकी त्याच वेळी काकांच्या गावची चार माणसं त्यांना भेटायला दारात हजर! बघतात तर काय, पाटील आणि गायकवाड मास्तर हातात हात घालून गादीवर बसलेत!

 त्यांच्यातला एक म्हणाला, "पाटील, हे काय?"

काका ओरडले, "आरं, सोडायचा लई प्रयत्न करतोय! सुटना!"

आणि मास्तर, हात तसाच मुठीत ठेवून, म्हणाले, "पाटील, किती वर्सं झाली, आमी तेच म्हनतोय. सोडा आता!"

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण पाटीलकाकाच आधी हसले. असे हसले की खांदे गदागदा हलायला लागले. मी पटकन त्यांचं मनगट खाली वाकवलं. तसं केलं की बोटं आपोआप ढिली होतात. हात सुटला. गावची माणसं मात्र हसली नाहीत, आणि परत कधी भेटायला आली नाहीत. काकांनी त्यांची वाटही बघितली नाही.

*

जांभईचा किस्सा मास्तरांचा.

क्रांती चौकात नामांतराची सभा होती. मास्तर हटूनच बसले. "ताई, मी जाणार. हात नाय तर नाय, गळा हाय ना?" मी नको म्हटलं असतं तरी ते गेलेच असते. म्हणून मी मामूंना सोबत दिलं.

आता आमच्या खोलीत सगळ्यांना खात्री होती की चौकात घोषणा सुरू झाल्या की मास्तरांचा उजवा हात उठणार म्हणजे उठणार! ज्या गोष्टीसाठी आयुष्य घातलं, तिच्यासाठी फाईल हलणार नाही का? विठ्ठल तर म्हणाला, "बगा ताई, मूठ आभाळात जाईल!"

मामूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलेली हकीकत अशी. घोषणा झाल्या. गर्दी उसळली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, गळ्याच्या शिरा फुगल्या. उजवा हात? मांडीवर. जागचा हलला नाही! मास्तरांनी डाव्या हाताची मूठ वर केली आणि सभा निभावून नेली.

मग भाषणं सुरू झाली. एक झालं, दुसरं झालं. तिसरे पाहुणे बोलायला लागले ते थांबेचनात. ऊन तापलेलं, मास्तर थकलेले. त्यांना जांभई आली. चांगली मोठी, जबडा उघडून. आणि जांभईबरोबर उजवा हात आपला आपण वर! खांद्यापर्यंत! लकव्याच्या माणसाचं होतं असं. जांभई ही मेंदूच्या वेगळ्याच जुन्या वाटेनं येते, तिला कुणाचा हुकूम लागत नाही. जांभई सरली की हात खाली.

पण स्टेजवरच्या पाहुण्यांना ते कुठलं माहीत! ते माईकवर गरजले, "बघा! बघा त्या मास्तरांकडं! लुळा पडलेला हात उचलून ते मला पाठिंबा देताहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला, मास्तरांच्या गळ्यात हार पडला आणि भाषण अर्धा तास वाढलं!

मास्तर मला म्हणाले, "ताई, घोषणेला उठला असता तर बरं वाटलं असतं ओ." हे म्हणताना ते हसत होते, पण मला फार वाईट वाटलं. मी त्यांना त्या दिवशी दुप्पट व्यायाम दिला. वाईट वाटलं की मला तेवढंच करता येतं.

विठ्ठलनं मात्र वेगळाच धडा घेतला. पुढचे कितीतरी दिवस तो गादीवर बसून खोट्या जांभया द्यायचा. हात काही उठला नाही, पण खोलीतले सगळे दिवसभर जांभया देत बसले. मामू तर उभ्या उभ्या झोपले!

*

दिवाळी जवळ यायला लागली तसा विठ्ठल बोलायचा कमी झाला. हात आता उठत होता, पण घासाघीस करत. मांडीवरून निघायचा, पोटाशी अडायचा, परत निघायचा. तोवर डावा हात बटण दाबून मोकळा!

मी एका फळीवर सायकलच्या दोन घंट्या बसवून घेतल्या. अट एकच. दोन्ही घंट्या दाबायच्या आणि आवाज एकच आला पाहिजे. पाटीलकाका आणि मास्तर पंच. दोघांनी डोळे मिटून ऐकायचं.

ट्रिंग... ट्रिंग.

"दोन!" मास्तर.

"दोन!" काका. जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत!

मी ओरडायचे, "उजवा लवकर! उजवा लवकर!" आणि मी जितकं ओरडेन तितका उजवा ताठरायचा. शेवटी मामू कंटाळून म्हणाले, "दाएँ पे कायको चिल्लाते ताई? उसका क्या कसूर? बाएँ को बोलो ना, जरा रुक!"

आम्ही चाल बदलली. डाव्यानं घंटीवर जाऊन नुसतं थांबायचं. उजवा येईल तेव्हा दोघांनी मिळून दाबायचं. सोपं वाटतं ना? करून बघा! चांगल्या हाताला थांबवणं हेही मेंदूचंच काम आहे आणि ते फार अवघड. विठ्ठलचा डावा हात पुन्हा पुन्हा आधीच घंटी वाजवून बसायचा, कपाळावर घाम यायचा. तो फळी घरी घेऊन गेला. बजाजनगरच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ तेच. घंटी समोर नसली की उजवा मांडीवरून हलायचाही नाही, पण ते मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

एक दिवस त्याची बायको शोभा तणतणत आली. म्हटलं, झोपमोड होत असेल बिचारीची.

"ताई, ती फळी आधी हितं ठिवून घ्या! घंटी वाजली की शेजारीन दूधवाला आला म्हून पातेलं घिऊन भाईर येती. चार दिस झालं, ती मलाच भांडायली!"

"मग? बंद करू का सराव?"

शोभानं कमरेवर हात ठेवले. "सराव कामून बंद? मी आता दूधवाल्यालाच घंटी बदलाया लावती!"

*

विठ्ठलच्या कंपनीतले दोघं मित्र एकदा खोलीत आले. दार लोटून घेतलं. एकानं खिशातून काडेपेटीची काडी काढली.

ही काडी तेव्हा वाळूजमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. एका बटणाच्या फटीत ती दाबून बसवली की ते बटण मशीनच्या हिशेबातून बादच होतं, आणि एका हातानं नुसतं दुसरं दाबलं तरी प्रेस खाली येतो. माल जास्त निघतो. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतात.

मित्र म्हणाला, "तपासणीच्या दिशी आमीच मशीनवर असू. उजव्या बटनात घालून ठिवतो. तू नुसता हात वर ठिव. डाक्टरला काय कळतंय?"

मी तोंड उघडलं होतं, पण मामूंनी मला डोळ्यांनी दटावलं. खोटं कशाला सांगू, विठ्ठल विचारात पडला होता. नोकरीचा प्रश्न होता, मुलीची शाळा होती. त्यानं डाव्या हातानं ती काडी घेतली, उलटीसुलटी केली. मग ती खाली ठेवून काडी देणाऱ्याचा पंजा धरला आणि उताणा केला. त्या पंजाला दोन बोटं नव्हती.

"ही बी काडीच व्हती ना?" विठ्ठलनं विचारलं.

मित्रानं हात ओढून घेतला. काडी परत खिशात गेली. चहा न घेताच दोघं गेले, आणि विठ्ठलनं फळी पुढं ओढली.

*

तपासणीच्या दिवशी मी रजा टाकून वाळूजला गेले. विठ्ठलनं बोलावलं नव्हतं. मलाच राहवेना.

प्रेसशॉपमध्ये कान फुटतील असा आवाज. कंपनीचे डॉक्टर तरुण होते, टापटीप, घाईत. बाजूला सुपरवायझर. कामगार आपापल्या मशीनवर होते, पण नजर सगळ्यांची इकडंच.

डॉक्टरांनी विठ्ठलला समोर उभं केलं. "उजवा हात वर करा."

हात हलला नाही.

"वर करा! डोक्याच्या वर!"

खांदा जरासा उचलला गेला, कोपर आवळलं, मूठ वळली. बस्स. विठ्ठलच्या मानेवर घाम दिसायला लागला.  एवढे महिने, आणि आज हात ऐकत नाही म्हणजे काय!

"शेवटचं सांगतो. उजवा हात वर!"

नाही म्हणजे नाही.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि सुपरवायझरकडं वळले. "साधा हात उचलता येत नाही, हा माणूस प्रेस काय चालवणार? दुसरं हलकं काम असेल तर बघा."

सुपरवायझर खाली बघत म्हणाला, "हलकं काम नाहीये, सर."

मी पुढं झाले. मला खूप बोलायचं होतं. पण त्याआधी विठ्ठलच निघाला. विनवण्या केल्या नाहीत, कुणाच्या पाया पडला नाही. पाय ओढत आपल्या मशीनपाशी गेला आणि तिथल्या माणसाला म्हणाला, "सरक जरा. पत्रा लाव."

त्या माणसानं सुपरवायझरकडं बघितलं. सुपरवायझरनं तोंड फिरवलं. त्या माणसानं पत्रा लावला आणि तो बाजूला झाला.

विठ्ठलचा डावा हात बटणावर गेला आणि थांबला. नुसता थांबला. मग उजवा निघाला. मांडीवरून उचलला, पट्ट्यापाशी अडकला, सुटला, छातीशी आला. आवळलेल्या मुठीतून अंगठा बाहेर निघाला. मी पदराचं टोक चावत होते. हात बटणावर टेकला.

धाड!

प्रेस खाली आला. आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबली. मला रडू फुटलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

"परत," डॉक्टर म्हणाले.

धाड!

"आणखी एकदा."

धाड!

डॉक्टर जवळ गेले. आता ते घाईत नव्हते. त्यांनी विठ्ठलचा हात हातात घेऊन बघितला, बोटं बघितली, मनगट बघितलं. अगदी मनापासून त्यांना प्रश्न पडला होता.

"अहो, मग मघाशी मी एवढं ओरडून सांगत होतो, हात वर करा, हात वर करा, तेव्हा का नाही उचललात?"

विठ्ठलनं शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं आणि म्हणाला,

"कशापायी उचलायचा, ते कुटं सांगितलं साहेब तुमी?"